व्हिन्स कार्टर शेवटी हरणाऱ्या टीममध्येच का खेळत राहिला? आणि तुमचा असा खेळाडू कोण?

रत्नांग्री_हूप्स (रत्नागिरी)

मंडळी, क्रिकेट आणि कबड्डी सोडून इथे कोणी बास्केटबॉल बघतं की नाही ठाऊक नाही, पण कोकणातले जे कोणी असाल त्यांनी प्लीज लिहा, कारण परवा कट्ट्यावर एका मित्राबरोबर कडाक्याचा वाद झालाय आणि विषय काही डोक्यातून जात नाहीये.

विषय व्हिन्स कार्टर, एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा प्लेअर. मित्राचं म्हणणं, २२ सिझन खेळला, रिंग, म्हणजे चॅम्पियन टीमला मिळणारी अंगठी, एकही नाही, फायनलचं तोंडसुद्धा बघितलं नाही, आणि शेवटची तीन वर्षं तर सॅक्रामेंटो आणि अटलांटा असल्या तळाच्या टीममध्ये काढली. त्यापेक्षा एखाद्या तगड्या टीमच्या बेंचवर जाऊन बसला असता तर बोटात रिंग आली असती, शेवटी लोक तेवढंच मोजतात.

मला हे पटतच नाही. मी एनबीए बघायला लागलो तेच कार्टर म्हातारा झाल्यावर. टोरांटोतला डंक (उडी मारून बॉल थेट बास्केटमध्ये कोंबणं) मारणारा कार्टर, २००० चं डंक कॉन्टेस्ट, सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्या सात फुटी फ्रेंच प्लेअरच्या डोक्यावरून गेलेला कार्टर, हे सगळं मी नंतर यूट्यूबवर बघितलं. मी लाइव्ह बघितला तो अटलांटा हॉक्सचा १५ नंबर, पांढरी दाढी, बेंचवरून उठून येणारा. २०१८-१९ ला हॉक्स २९ जिंकले आणि ५३ हरले. त्या सिझनमध्ये हा माणूस ७६ मॅच खेळला, जानेवारीत ४२ वर्षांचा झाला! कोच लॉइड पिअर्स त्याच्यापेक्षा जेमतेम आठ महिन्यांनी मोठा, आणि टीमचा मेन प्लेअर ट्रे यंग तर कार्टर ड्राफ्ट झाला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत लीगमध्ये आला, त्या जून १९९८ नंतर तीन महिन्यांनी जन्मलेला.

एक रात्र मला कायम आठवते, म्हणजे आपली सकाळ. नोव्हेंबर २०१८, टोरांटो अटलांटात आलेली, आणि हॉक्स आरामात हरतायत, १२४-१०८. मॅच संपल्यातच जमा, लोक उठून चाललेत, आणि शेवटच्या एक-दोन सेकंदात कार्टर मोकळा सुटतो आणि डंक मारतो. करिअरचे २५,००० पॉइंट पूर्ण! सगळी हॉक्स टीम त्याच्याभोवती नाचतेय, आणि समोरचे टोरांटोवाले, जे मॅच जिंकलेत आणि जे त्याच सिझनला चॅम्पियन झाले, तेसुद्धा येऊन मिठ्या मारतायत. मला त्या क्षणी कोण जिंकलं कोण हरलं काहीसुद्धा वाटलं नाही, नुसता आनंद झाला.

तर माझा प्रश्न साधा आहे. रिंगच्या मागे न जाता असं तळाच्या टीममध्ये खेळत राहणं तुम्हाला बरोबर वाटतं का? आणि टीम हरत असली तरी ज्याच्यासाठी तुम्ही मॅच लावता असा सिनियर खेळाडू तुमचा कोण? कुठल्याही खेळातला चालेल, पण बास्केटबॉल असेल तर जास्त बरं.

कोच_चिपळूण (चिपळूण)

बास्केटबॉल बघणारे आहेत रे, कमी आहेत पण आहेत. मी शाळेच्या पोरांना शिकवतो आणि तुझ्या प्रश्नावर खूप बोलण्यासारखं आहे.

आधी सॅक्रामेंटोबद्दल. तुझ्या मित्राने किंग्जला तळाची टीम म्हटलं ते खरंच आहे, २००६-०७ पासून २०२१-२२ पर्यंत सलग १६ सिझन ती टीम प्लेऑफला गेली नाही, हा एनबीएचा रेकॉर्ड आहे. पण आपल्याकडच्या माणसाने ती टीम बघायला एक कारण आहे. २०१३ ला ती विकत घेणाऱ्या ग्रुपचा म्होरक्या विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेला आपला माणूस. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज आणि पेसर्स वरळीच्या डोममध्ये दोन मॅच खेळायला आले ते त्याच्यामुळेच. भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच त्या. पहिली तर ओव्हरटाइमला गेली, पेसर्स १३२-१३१ ने जिंकले, आणि ती बघायला स्टेडियमभर शाळेची पोरं होती. किंग्ज दोन्ही मॅच हरले म्हणा, पण तेव्हापासून आमच्याकडच्या दोन-चार पोरांची ती टीम झाली ती झालीच.

कार्टर तिथे २०१७-१८ ला होता. २७ जिंकले, ५५ हरले. त्या सिझनची २७ डिसेंबरची मॅच शोधून बघा, समोर लेब्रॉनची क्लीव्हलँड. कार्टर ४० वर्षांचा, बेंचवरून आला आणि २४ पॉइंट मारले, किंग्ज १०९-९५ ने जिंकले. मी ती मॅच पोरांना दाखवतो, पण पॉइंटसाठी नाही. मी सांगतो, बॉल बघू नका, फक्त १५ नंबर बघा. बॉल त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते बघा. कॉर्नरला उभा आहे तर गुडघे आधीच वाकलेले, तळहात छातीसमोर उघडे, पाय बास्केटकडे सेट, म्हणजे पास आला की फक्त उठायचं. डिफेन्सला असेल तर तोंड सतत चालू, मागून स्क्रीन (समोरच्यांचा वाट अडवणारा माणूस) येतेय, डावीकडे बघ, तू पुढे जा मी आहे. विशीतला पोरगा उडी मारून चूक भरून काढू शकतो, ४० वर्षांच्या माणसाला तसं जमत नाही, म्हणून तो अर्धा सेकंद आधी निघतो. हे शिकवायला मला त्याच्याइतका चांगला नमुना मिळत नाही, कारण स्टार प्लेअरचं जे दिसतं ते आमच्या पोरांना जमणारच नसतं, आणि हे जमण्यासारखं असतं.

आणखी एक, २०१६ ला त्याला लीगचा बेस्ट टीममेट म्हणून अवॉर्ड मिळालं, तेव्हा तो मेम्फिसला होता. ते पत्रकार देत नाहीत, खेळाडू मतदान करून देतात. सोबत आणि समोर खेळणाऱ्यांनी दिलेलं सर्टिफिकेट आहे ते.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर एनबीएतलं नाही. आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आहे, नाव लिहीत नाही त्याला आवडणार नाही. तालुक्याच्या पुढे त्याची टीम कधी गेली नाही. २०२१ च्या जुलैच्या पुरात आमच्या कोर्टवर चिखलाचा असा थर बसला होता की फ्री थ्रोची रेघ कुठे आहे ते सापडत नव्हतं. घरात स्वतःचं सामान भिजलेलं असताना हा फावडं आणि खराटा घेऊन आला, आणि त्याला बघून पोरं आली. अजूनही रविवारी येतो, ज्युनियर पोरांच्या विरुद्ध खेळतो, हरतो, आणि प्रत्येक रिबाउंडला (हुकून परत आलेल्या बॉलला) अंग टाकतो.

अलिबागकर (अलिबाग)

दोघांचंही वाचलं, छान लिहिलंय, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. राग मानू नका.

किंग्जने कार्टरला त्या एका वर्षाचे ८० लाख डॉलर दिले होते. त्याग वगैरे शब्द मला त्याला लावावेसे वाटत नाहीत. दुसरं, त्याच सिझनच्या मध्यावर किंग्जने जाहीर केलं की सिनियर प्लेअरना आळीपाळीने बसवणार, तरुण पोरांना मिनिटं मिळावीत म्हणून. म्हणजे टीमलाच माहीत होतं की ४० वर्षांच्या माणसाला दिलेली मिनिटं ही शिकणाऱ्या पोराची कापलेली मिनिटं आहेत. तळाच्या टीमने तरुणांनाच खेळवावं, ड्राफ्ट चांगला मिळवावा, यात मला तरी काही चूक दिसत नाही.

आणि हरणारी टीम सोडणं हा काही गुन्हा नाही. बोरिस डिऑचं उदाहरण घ्या. २०११-१२ ची शार्लट बॉबकॅट्स, ७ जिंकले ५९ हरले, टक्केवारीत एनबीएच्या इतिहासातली सगळ्यात वाईट टीम. मार्च २०१२ ला त्याला तिथून सोडलं, तो सॅन अँटोनियोला गेला आणि २०१४ ला फायनलमध्ये तिसऱ्या मॅचपासून स्टार्ट करून चॅम्पियन झाला. त्याच्या पासिंगने ती सिरीज फिरली असं मी तरी मानतो. तो शार्लटमध्येच कुजत राहिला असता तर आपण त्याला जास्त मान दिला असता का? खेळाडूने जिंकायला खेळायचं असतं, एवढंच माझं म्हणणं.

रत्नांग्री_हूप्स (रत्नागिरी)

राग कसला, उलट बरं वाटलं कोणीतरी नीट मुद्दे घेऊन बोलतंय.

पण दादा, पैशाचा मुद्दा सॅक्रामेंटोला लागू होतो, अटलांटाला नाही. हॉक्सने त्याला व्हेटरन मिनिमम दिला, लीगच्या नियमाने इतकी वर्षं खेळलेल्या प्लेअरला जो कमीत कमी द्यावाच लागतो तो. तोच मिनिमम त्याला कुठलीही टॉपची टीम देऊ शकली असती. म्हणजे पैसे तेवढेच, एकीकडे रिंगची शक्यता आणि बेंच, दुसरीकडे ५३ पराभव आणि रोज खेळायला मिळणार. त्याने दुसरं घेतलं. तो मुलाखतींमध्ये उघड सांगायचा की मला खेळायचंय, नुसतं बसून रिंग घ्यायची नाही. पहिल्या मॅचला तर हॉक्सने त्याला स्टार्ट केलं!

डिऑबद्दल १०० टक्के मान्य, तो तिकडे जाऊन खेळला, बसला नाही. माझा मित्र सांगतो ते बसण्याबद्दल आहे.

देवगडचो_झील (देवगड)

माका ह्या धाग्यार लिवल्याशिवाय रवाक नाय. कार्टरची शेवटची मॅच मी लायव बघितलंय.

१२ मार्च २०२०, आपल्याकडची पहाट, तिकडे ११ तारखेची रात्र. आमच्याकडे शिमग्याचे दिवस, रात्रभर गावात जागरण, ढोल वाजतहत, आणि मी पहाटे पाचाक मोबाइल घेवन घराच्या मागच्या पायरेर बसलंय कारण रेंज थयच येता. अटलांटा आणि न्यूयॉर्क निक्स. दोनय टीम तळाच्यो, जगात कोणाक त्या मॅचचा पडलेला नाय.

आता जरा सगळ्यांना समजेल असं लिहितो. मॅच चालू असताना बातमी आली की ओक्लाहोमाला होणारी युटाची मॅच रद्द झाली, युटाचा रुडी गोबेर कोविड पॉझिटिव्ह, आणि थोड्या वेळात एनबीएने सगळा सिझनच थांबवला. कधी सुरू होणार कोणालाच माहीत नाही. स्टेडियममधल्या लोकांना मोबाइलवर कळलं. आणि त्यांच्या एकदम लक्षात आलं की कार्टरने आधीच सांगून ठेवलंय हा माझा शेवटचा सिझन, म्हणजे आज जर सगळं थांबलं तर ही त्याची शेवटची मॅच. मॅच ओव्हरटाइमला, हॉक्स मागे, आणि लोक ओरडायला लागले, व्हिन्सला आणा, व्हिन्सला आणा. वीसेक सेकंद उरले असताना पिअर्सने त्याला आत पाठवला. ट्रे यंगने बॉल त्याच्याकडे दिला, समोर मोकळी जागा, त्याने थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) टाकला आणि सरळ आत. हॉक्स १३६-१३१ ने हरले. पुढे जेव्हा ऑर्लँडोत बबलमध्ये (बाहेरच्यांना बंद ठेवलेल्या जागेत) मॅच सुरू झाल्या तेव्हा फक्त २२ टीम बोलावल्या, २० जिंकून ४७ हरलेल्या हॉक्सला बोलावलंच नाही. म्हणजे तो थ्री हाच त्याचा शेवटचा शॉट.

आणि त्याचं तोंड बघा त्या व्हिडिओत. हसतोय पण डोळे भरलेत. चार दशकांत खेळलेला एनबीएतला पहिला माणूस, नव्वदचं दशक ते विसाचं, १५४१ मॅच, आणि शेवट कसा होणार हे त्याच्या हातातच नव्हतं. पण त्या रात्री तो किट घालून, अंग गरम करून, तयार बसला होता म्हणून तर शेवट झाला ना? दुखतंय म्हणून घरी बसला असता, ४३ वर्षांच्या माणसाला कोण बोललं असतं?

अलिबागकरांनु, तुमी म्हणतास ता आकड्यान बरोबर आसात. पण आमच्या बंदरात मासो गावलो नाय म्हणान तांडेल दुसऱ्याच्या बोटीर जावन बसणा नाय, तो सकाळी जाळी घेवन आपल्याच बोटीर येता, आणि नवीन खलाशी पोरगो ता बघता. माका कार्टर तसो वाटता.

फ्रीथ्रो_दापोली (दापोली)

देवगडच्या दादांनी लिहिलेलं वाचून तो व्हिडिओ परत लावला आणि परत रडले.

मी कॉलेजला असताना युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलेय, त्यामुळे हरणाऱ्या टीममध्ये असणं म्हणजे काय ते आतून सांगते, कारण बाहेरून ते नीट दिसत नाही. मोठ्या शहरातल्या टीमसमोर आम्ही पहिल्या क्वार्टरलाच मागे पडायचो. त्यांच्याकडे लाकडी कोर्ट, आमच्याकडे सिमेंट, पावसाळ्यात शेवाळं आणि बाकी वर्षभर खाऱ्या वाऱ्याने गंजलेली रिंग. वीस पॉइंट मागे पडलं की पहिली गोष्ट कुठली जाते तर आवाज. डिफेन्सला कोणी बोलत नाही. प्रत्येकजण आपापली माणूस पकडून गप्प उभी राहते, कारण ओरडून काय उपयोग असं वाटतं. आणि एकदा आवाज गेला की मग वीसचे चाळीस कधी होतात कळतसुद्धा नाही.

आमच्यात एक सिनियर ताई होती, नोकरी सांभाळून खेळायची, गुडघ्याला कायम नीकॅप. ती चौथ्या क्वार्टरलासुद्धा ओरडायची, लेफ्ट स्क्रीन, लेफ्ट स्क्रीन, आणि आपल्यापेक्षा उंच पोरीसमोर जाऊन उभी राहायची, दोन्ही हात छातीवर घेऊन, चार्ज घ्यायला, म्हणजे धावत येणारीची धडक अंगावर घेऊन तिचा फाउल मिळवायला. सिमेंटवर चार्ज घ्यायचा म्हणजे काय ते ज्याने घेतलाय त्यालाच माहीत, कंबरेवर आपटतो आणि कोपर सोलवटतं. रेफरीची शिट्टी वाजली की ती उठायची आणि आमच्याकडे बघून टाळ्या वाजवायची, जणू स्कोर बरोबरीत आहे. आम्ही ती मॅच हरलोच. पण आम्ही पुढच्या वर्षी शेवटपर्यंत ओरडत खेळलो, आणि ती तेव्हा टीममध्ये नव्हती.

म्हणून अलिबागकर दादा, तुमचा मिनिटांचा हिशेब मला अर्धवट वाटतो. तरुण पोराला मिनिटं द्या ना, पण मिनिटांत काय करायचं हे त्याला कोण दाखवणार? कोच बाहेर उभा असतो.

आणि आपल्या भारताच्या टीमबद्दल कोणीच कसं बोललं नाही? शिरीन लिमये, पुण्याची, भारताची कॅप्टन राहिलेली. विशेष भृगुवंशी, २०२० चा अर्जुन पुरस्कार. २०१४ ला वुहानमध्ये भारताने चीनला चीनमध्ये ६५-५८ ने हरवलं ते कितीजणांना माहीत आहे? अशा विजयांच्या मध्ये वर्षानुवर्षं पराभव असतात, रिकामी स्टेडियम असतात, आणि हे लोक तरी पुढच्या कॅम्पला हजर. पुरुषांची टीम ऑलिम्पिकला एकदाच गेली, १९८० ला मॉस्कोला, तिथेही सगळ्या मॅच हरले. या खेळाडूंसाठी मॅच लावणारे आपण नाही तर कोण?

वेळणेश्वर_३३ (गुहागर)

छोटंसंच लिहितो. माझा माणूस एल्टन ब्रँड.

१९९९ च्या ड्राफ्टचा नंबर एक पिक, शिकागोने घेतला तेव्हा जॉर्डन निघून गेलेला आणि टीम १७-६५, म्हणजे १७ जिंकून ६५ हरलेली. मग क्लिपर्सला, २००५-०६ ला २४.७ पॉइंट आणि १० रिबाउंड सरासरी, त्या बिचाऱ्या क्लिपर्सला प्लेऑफच्या दुसऱ्या राउंडला घेऊन गेला. २००७ ला अकिलिस (टाचेमागची शीर) फाटला, त्यानंतर तो ब्रँड परत दिसला नाही.

पण मला आवडतो तो शेवटचा. २०१५-१६ ची फिलाडेल्फिया, सुरुवातीलाच सलग १८ हरलेली, शेवटी १०-७२. लोक त्या टीमची चेष्टा करत होते. आणि जानेवारीत हा ३६ वर्षांचा, जवळजवळ घरी बसलेला माणूस तिथे सही करतो. खेळला फक्त १७ मॅच. पण नर्लेन्स नोएल, जलील ओकाफोर ही विशीतली पोरं रोज हरत होती, ड्रेसिंग रूममध्ये दहा वर्षं खेळलेलं कोणीच नव्हतं, त्यांच्या बाजूला येऊन बसला. टीमचाच एम्बीड तेव्हा पायाच्या दुखापतीने बाहेरच होता. २०१८ ला त्याच फिलाडेल्फियाने ब्रँडला जनरल मॅनेजर केलं. त्या १७ मॅचमध्ये त्याने काय केलं ते त्यांनी जवळून बघितलं असणार.

अलिबागकर (अलिबाग)

फ्रीथ्रो ताई, चार्जचं वाचून गप्प झालो थोडा वेळ. आवाज जातो हे मी कबड्डीतसुद्धा बघितलंय, लोण पडला की कोपरारक्षक बोलायचे थांबतात.

पण एक प्रश्न राहतोच, आणि तो मी मनापासून विचारतोय. हे सगळं मोजायचं कसं? ब्रँड आला तरी फिलाडेल्फिया १०-७२ च राहिली. कार्टर असताना किंग्ज २७-५५, हॉक्स २९-५३ आणि २०-४७. सिनियरमुळे पोरं शिकली असं आपण म्हणतो, पण शिकली हे दिसतं कुठे?

कोच_चिपळूण (चिपळूण)

दिसतं, पण उशिरा दिसतं आणि दुसऱ्याच्या नावावर दिसतं.

ट्रे यंगची हॉक्स कार्टर गेल्यानंतरच्याच सिझनला, २०२०-२१ ला, ईस्टच्या (लीगच्या पूर्व गटाच्या) फायनलला गेली. बरं, आता किंग्जकडे या. १६ वर्षांचा दुष्काळ संपला तो २०२२-२३ ला, ४८-३४, वेस्टमध्ये तिसरे. त्या टीमचा मेन गार्ड डिएरॉन फॉक्स, त्याचा रुकी, म्हणजे पहिला, सिझन कुठला? २०१७-१८, कार्टर सॅक्रामेंटोत होता तोच. आणि त्याच टीमचा शूटर केव्हिन ह्युर्टर, त्याचा रुकी सिझन २०१८-१९, अटलांटात, पुन्हा कार्टरच्या सोबत. म्हणजे दोन वेगवेगळ्या हरणाऱ्या टीममध्ये ज्यांच्या शेजारी हा माणूस बसला, तेच दोघे पाच वर्षांनी एकत्र येऊन तो दुष्काळ संपवतात. आणि त्यांच्या जोडीला हॅरिसन बार्न्स, जो २०१९ पासून किंग्जचे सगळे पराभव सोसत तिथेच होता आणि त्या सिझनला ८२ च्या ८२ मॅच खेळला.

कार्टरमुळे झालं असं मी म्हणणार नाही. टीममध्ये साबोनिस होता, माइक ब्राउन कोच ऑफ द इयर झाला. पण तू विचारलंस दिसतं कुठे, तर मला तिथे दिसतं.

अलिबागकर (अलिबाग)

फॉक्स आणि ह्युर्टरचं हे कनेक्शन माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं सर. साबोनिसशिवाय ते झालं नसतं यावर मी ठाम आहे, पण बार्न्सला मानलं. ८२ पैकी ८२, आजकाल विशीतली पोरं खेळत नाहीत. माझं मत अजूनही तेच आहे की जिंकणारी टीम बोलावत असेल तर जावं. फक्त जो नाही गेला त्याला शून्य म्हणणाऱ्या तुमच्या त्या रत्नागिरीच्या मित्राच्या बाजूने मी नाही.

देवगडचो_झील (देवगड)

आणि एक सांगूचा रवला. २००४ ला टोरांटोतून गेला म्हणून तिथले लोक त्याला वर्षानुवर्षं हुर्यो करायचे, बॉल हातात आला की बू. २०१४ ला मेम्फिसकडून तिथे खेळायला गेला तेव्हा त्यांनी त्याचा जुना व्हिडिओ स्क्रीनवर लावला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं, तो बेंचजवळ उभ्याउभ्या रडला. २०२४ ला तो हॉल ऑफ फेमला गेला आणि त्याच वर्षी टोरांटोने १५ नंबर कायमचा वर टांगला. रिंग नसताना! तुझ्या मित्राक सांग, लोक काय मोजतत ता टोरांटोत जावन बघ म्हणान.

रत्नांग्री_हूप्स (रत्नागिरी)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलंच नव्हतं. धाग्याची लिंक मित्राला पाठवली, त्याने कोच सरांचं फॉक्स-ह्युर्टरचं वाचलं आणि विचारतोय की ती २७ डिसेंबर २०१७ ची मॅच पूर्ण कुठे मिळेल. म्हटलं बघ, सुरुवात झाली.

फ्रीथ्रो ताई, तुमच्या त्या सिनियर ताई अजून खेळतात का? आणि सर, रविवारी तुमच्या कोर्टवर बाहेरच्यांना घेता का? आम्ही चारपाच जण आहोत, सकाळच्या गाडीने येऊ शकतो.

फ्रीथ्रो_दापोली (दापोली)

खेळत नाही रे आता, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पण मुलींना शिकवते, आणि बाकावर बसून अजून तेवढ्याच जोरात ओरडते. धागा तिला दाखवला, तिने फक्त विचारलं की कार्टर गुडघ्याला काय बांधायचा.

कोच_चिपळूण (चिपळूण)

या की, जरूर या. सातला सुरू करतो, ऊन चढलं की सिमेंट तापतं. ती मॅच माझ्याकडे आहे, मित्रालाही घेऊन या, लॅपटॉपवर बघू. आणि ज्यांना त्या जुन्या विद्यार्थ्याविरुद्ध रिबाउंडला जायचंय त्यांनी चांगल्या ग्रिपचे बूट आणा, तो जागा देत नाही.